तीन सीड्यांचा महाल

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करतो असं सांगितलं की पुण्यातले मित्र हमखास विचारतात, "मग स्विमिंग पूल वगैरे आहे का रे?" नाही. पत्र्याच्या शेड आहेत, फाउंड्र्या आहेत, कापडाचे कारखाने आहेत आणि नाइट शिफ्टवाल्यांना चहा देणाऱ्या टपऱ्या आहेत. 'पंचतारांकित' ही औद्योगिक वसाहतीची सरकारी प्रतवारी. नागपूरकडच्या बुटीबोरीला आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यालाही हेच विशेषण लागतं. हॉटेलशी काही संबंध नाही.

मी इथल्या एका कारखान्यात मोटारींवर बसवलेल्या सेन्सरचं सॉफ्टवेअर लिहितो. मोटर बंद पडायच्या आधीच तिच्या थरथरण्यावरून बिघाड ओळखायचा, हे माझं काम. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, याच एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. तेही हेच काम करायचे, फक्त त्यांचा सेन्सर म्हणजे एक लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक बेअरिंगजवळ टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं.

आता त्यांना डोळे मिटायची गरज राहिलेली नाही. मधुमेहानं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब केले. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. सध्या त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ते अचानक म्हणाले, "ती महालची सीडी हाय काय रे अजून? लाव की."

"आप्पा, तुम्हाला दिसणार कुठं..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"बघायचाय कुणाला?" ते म्हणाले. "ऐकायचाय."

ही गोष्ट त्या रविवारपासून सुरू होते. पण ती नीट सांगायची तर आधी १९४९ ला जावं लागेल.

*

'महल' हा सिनेमा ऑक्टोबर १९४९ मध्ये आला. आमच्या घरात सगळे त्याला 'महाल'च म्हणतात. निर्मिती मालाडच्या बॉम्बे टॉकीजची आणि दिग्दर्शक कमाल अमरोही, वय एकतीस, पहिलाच सिनेमा. नायक अशोक कुमार, नायिका मधुबाला, तिचं वय तेव्हा सोळा. गोष्ट अशी: हरिशंकर नावाचा तरुण 'संगम भवन' या ओसाड वाड्यात राहायला येतो. वाड्याचा म्हातारा माळी त्याला जुनी कहाणी सांगतो. हा वाडा बांधणारा बुडून मेला, त्याची वाट पाहणारी कामिनीही मेली. भिंतीवर त्या मेलेल्या मालकाची तसबीर असते आणि तिचा चेहरा थेट हरिशंकरचा असतो. मग रात्री गाणं ऐकू येतं.

वादळी रात्र, ओसाड वाडा, तसबीर, मागच्या जन्मीचं प्रेम, पांढऱ्या कपड्यातली बाई. पुढच्या कितीतरी हिंदी सिनेमांनी जे वापरून वापरून झिजवलं, ते बरंचसं इथून सुरू झालं. झपाटलेल्या वाड्याच्या हिंदी सिनेमाचा मूळपुरुष कोण, असं विचारलं तर बहुतेक जण 'महल'कडेच बोट दाखवतात.

पण या सिनेमात भूत नाही. शेवट सांगतोय, पण पंच्याहत्तरीच्या पुढच्या सिनेमाला स्पॉयलर अलर्ट लावायचा नसतो. कामिनी म्हणजे माळ्याचीच मुलगी आशा. जुन्या कहाणीच्या प्रेमात पडून ती भुताचं सोंग घेत असते. कोर्टात सगळा उलगडा होतो, आणि तरी हरिशंकर सुटत नाही. भूत खोटं होतं हे कळल्यावरही तो त्याच भुतासाठी झुरून मरतो.

भूत नसताना भीती कशी उभी केली? दोन गोष्टींवर. अंधार आणि आवाज.

अंधार होता जोसेफ विरशिंग यांचा. हा जर्मन कॅमेरामन. म्युनिकहून तो पहिल्यांदा भारतात आला 'प्रेम संन्यास'च्या शूटिंगसाठी, १९२५ च्या सुमारास. पुढे बॉम्बे टॉकीज सुरू झाली तेव्हा तो तिथला कॅमेरामन झाला, 'अछूत कन्या' त्यानंच चित्रित केला. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ब्रिटिशांनी त्याला नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर त्यानं पुन्हा कॅमेरा धरला आणि 'महल' केला. जर्मन मूकपटांत सावल्यांना पात्राइतकंच महत्त्व असायचं, ती सगळी शाळा त्यानं या वाड्यात उतरवली. पडद्याचा मोठा भाग काळा, पण तो एकसारखा काळा नाही. काळ्यातही पायऱ्या आहेत, जाळ्या आहेत, पडदे आहेत. आपली नजर त्या काळ्यात काहीतरी शोधत राहते आणि त्या शोधण्यातच घाबरते.

आणि आवाज होता लता मंगेशकरांचा.

इथं आम्हा कोल्हापूरकरांची कॉलर जरा ताठ होते. १९४२ ला मास्टर दीनानाथ गेल्यावर घर चालवायची जबाबदारी बारा-तेरा वर्षांच्या लतावर आली. मास्टर विनायकांनी तिला आपल्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम दिलं. ती कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. १९४५ ला कंपनी मुंबईला गेली आणि लताही गेली. त्यानंतर चार वर्षांनी संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे 'महल'चं 'आएगा आनेवाला' तिनं गायलं. सिनेमा आला तेव्हा ती वीस वर्षांची होती. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पात्राचं. हे गाणं गाणारी कोण, अशी विचारणा करणारी पत्रं रेडिओकडे आली आणि मग खरं नाव सांगितलं गेलं.

या गाण्याच्या रेकॉर्डिंगची गोष्ट लताबाईंनी मुलाखतींत अनेकदा सांगितली आहे. गाण्याच्या सुरुवातीचा भाग दुरून येतोय असं वाटायला हवं होतं. आज आपण एक बटण दाबून आवाज लांब ढकलतो. तेव्हा तसं काही नव्हतं. मग माइक खोलीच्या मधोमध ठेवला, लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात, हळूहळू चालत माइककडे आल्या. म्हणजे आपल्याला ऐकू येणारं अंतर नाटकी नाही. एक मुलगी खरोखरच एका खोलीत चालली होती, आणि ते चालणं फिल्मवर नोंदलं गेलं. योगायोग असा की सिनेमाचे एक निर्माते सावक वाच्छा मूळचे ध्वनिमुद्रक होते.

परदेशातही हीच युक्ती पुढे एका मोठ्या सिनेमानं वापरली. १९६३ चा 'द हाँटिंग' हा झपाटलेल्या घराचा सिनेमा. त्यात भूत एकदाही दिसत नाही. दारावर धक्के ऐकू येतात, भिंतीपलीकडून कुजबुज येते, बस्स. पण ते भूत दारापलीकडेच थांबतं. आमची कामिनी मात्र चालत येते.

*

आप्पांनी 'महाल' थेटरात पाहिलेला नाही. त्यांचा जन्मच सिनेमानंतर दहा-बारा वर्षांनी झाला. त्यांनी तो पाहिला व्हिडिओवर.

व्हीएचएस हा कॅसेटचा प्रकार जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ ला बाजारात आणला. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वर्षात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर घरात शिरू लागले. मुंबईत त्याआधीच सुरुवात झाली होती. शेमारू ही आज मोठी कंपनी आहे, ती १९६२ ला सुरू झाली होती पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी म्हणून. १९७९ ला त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पुढं गावोगाव व्हिडिओ सेंटरं निघाली. व्हीसीआर विकत घेणं फार थोड्यांना परवडायचं, म्हणून व्हीसीआर, कलर टीव्ही आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्यानं आणायच्या. अख्खी गल्ली वर्गणी काढायची. पैसे वसूल करायचे म्हणून पहाटेपर्यंत तिन्ही सिनेमे बघायचे. सर्वांत भीतीचा सिनेमा शेवटी, म्हणजे बायका-पोरं तोवर झोपतात. निदान आप्पांच्या गल्लीत तसं होतं.

आप्पांचं तेव्हा कागलात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. व्हिडिओ सेंटरवाला मित्र होता. मशीन बिघडलं की तो आप्पांकडे आणायचा. "मोटरच हाय की आत, फकस्त जरा लाडात वाढलेली," असं ते म्हणायचे.

हे वाक्य मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. व्हीसीआरमध्ये टेप एका फिरत्या ड्रमवरून तिरकी जाते. त्या ड्रमवर बसवलेली हेड चित्र वाचतात. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात आणि प्रत्येक चित्रासाठी ड्रम एक फेरी घेतो. पंचवीस गुणिले साठ, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. आणि चार पोलच्या मोटारीचा, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचा, सिंक्रोनस वेग किती? तोही १५००. एमआयडीसीतल्या असंख्य मोटारी याच आकड्याच्या थोडं खाली फिरत असतात. आप्पांच्या कानात तो आकडा बसलेला होता. व्हीसीआर उघडायच्या आधी ते कान लावायचे.

कॅसेटवर विरशिंगच्या अंधाराचं काय व्हायचं? व्हीएचएसचं चित्र आडवं मोजलं तर जेमतेम २४० रेषांचं. त्यात भाड्याची कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी. प्रत्येक कॉपीत थोडं चित्र जायचं आणि थोडी मुंग्यांची खसखस वाढायची. शिवाय केबलवर किंवा अँटेनावर एक वेगळीच गंमत असे. सिग्नल थेट येतो आणि इमारतीवर आपटूनही येतो. आपटून आलेला क्षणभर उशिरा पोहोचतो, म्हणून माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट प्रतिमा दिसते. टीव्ही मेकॅनिकांच्या भाषेत या दोषाचं नावच 'घोस्ट' आहे. भुताच्या सिनेमात भूत नाही, पण टीव्हीत आहे, असा सगळा प्रकार.

कॅसेटचा आवाजही काही फार शुद्ध नव्हता. टेपच्या अगदी कडेला त्याची पट्टी असायची, कड दुमडली की आवाज गचके खायचा. पण आप्पा सांगतात, "चित्रात काय बी कळत न्हवतं मर्दा. नुसता काळा पडदा. पण ती गात यायला लागली की मागं कुणीतरी हाय असं वाटून सगळी वळून बघायची."

*

मी 'महाल' पाहिला तो सीडीवर. २००७ ची गोष्ट, मी पाचवीत होतो. त्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनं सिनेमांच्या सीड्या २८ रुपयांना आणि डीव्हीड्या ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली होती आणि सगळ्याच कंपन्यांच्या किमती कोसळल्या होत्या. आप्पांनी कोल्हापुरातून एक पाकीट आणलं. कुठल्या कंपनीचं होतं ते महत्त्वाचं नाही. आत तीन सीड्या होत्या.

तीन का? कारण व्हिडिओ सीडीवर साधारण चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात आणि सिनेमा पावणेतीन तासांच्या आसपास आहे. त्यामुळं माझ्या डोक्यात 'महाल' तीन तुकड्यांतच आहे. ऐन भीतीच्या वेळी पडदा निळा व्हायचा, कुणीतरी उठायचं, ट्रे बाहेर यायचा, सीडी शर्टाला पुसली जायची. आई म्हणायची, "तेवढ्यात कुकर बघून येते."

माझ्या पिढीला आठवत असेल, अंधाराच्या दृश्यात सीडीवर काळे-करडे चौकोन दिसायचे. ते का, हे आता मी सांगू शकतो. व्हिडिओ सीडीचं मानक ठरलं १९९३ ला. त्यात चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८ ठिपके, म्हणजे टीव्हीच्या पूर्ण चित्राच्या साधारण पाव. तेवढंही चित्र जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला सुमारे तीन कोटी बिट लागतात. सीडी देते साडेअकरा लाख. म्हणजे पावच उरलेल्या चित्रातलेही दर सव्वीसातले पंचवीस भाग टाकून द्यायचे. काय टाकायचं हे गणित ठरवतं. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात जो फरक डोळ्याला कळणार नाही असं वाटतं तो पुसायचा. आणि डोळ्याला सर्वांत कमी कळतो असा फरक कुठला? काळा आणि त्याहून जरा कमी काळा. नेमकं तेच, जे विरशिंगनं जीव तोडून रंगवलं होतं.

आवाजाला मात्र वेगळा न्याय मिळाला. ऑडिओ सीडीला सेकंदाला चौदा लाख बिट लागतात, व्हिडिओ सीडीनं आवाजाला दिले सव्वादोन लाख. म्हणजे सहातला एक भाग राहिला. चित्राचा सव्वीसातला एक, आवाजाचा सहातला एक. त्यात १९४९ च्या फिल्मवरच्या आवाजाची झेप मुळातच मर्यादित, त्यामुळं फारसं काही गेलंच नाही.

याचा अर्थ असा की त्या तीन सीड्यांवर महाल पडका झाला होता, पण त्यात राहणारी बाई जवळजवळ सहीसलामत होती. मी पाचवीत घाबरलो तो चौकोनांना नाही. मी उशीत तोंड खुपसलं होतं. आवाज उशीतूनही येत होता.

*

परत गेल्या पावसाळ्यातल्या रविवारी.

सीड्या सापडल्या. त्या लावायला मशीन नव्हतं. ऑफिसातून जुना डीव्हीडी ड्राइव्ह आणला. पहिली आणि तिसरी सीडी निघाली. दुसरीवर एक लांब ओरखडा होता. व्हिडिओ सीडीत जास्त सिनेमा मावावा म्हणून चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहितीच ठेवलेली नसते, त्यामुळं ओरखडा पडला की तिथलं थेट जातं. टूथपेस्ट लावून पुसणं वगैरे सगळं करून पाहिलं. दोन-तीन ठिकाणी गचके राहिलेच.

यूट्यूबवर 'महल' आहे, एक सोडून ढीगभर. याला कारण कायदा. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९४९ च्या सिनेमाचा ३१ डिसेंबर २००९ ला संपला. बॉम्बे टॉकीज तर पन्नाशीच्या दशकातच बंद पडली होती. आता हा वाडा कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा आहे. अमेरिकेत 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल' या १९५९ च्या सिनेमाचं असंच झालं. मुदतीत कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही आणि मग ज्याला वाटेल त्यानं त्याच्या कॅसेटी, डीव्हीड्या काढल्या. बेवारस वाड्यात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण गळकं छप्परही कुणी दुरुस्त करत नाही. यूट्यूबवरच्या प्रतींत कुठं कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, कुठं कडा कापलेल्या, कुठं रंग भरून कामिनीची साडी गुलाबी केलेली.

मी ठरवलं, आप्पांसाठी आपणच चांगली प्रत करायची. हातात साधनं होती. सीडीवरून फाइल काढली, गचक्यांच्या जागी दुसऱ्या प्रतीतले तुकडे जोडले. चित्र एआयनं मोठं आणि स्वच्छ केलं. त्यानं चौकोन घालवले आणि त्या जागी स्वतःच्या मनानं काहीतरी भरलं. मधुबाला मेणाची दिसायला लागली. पण आप्पांना चित्र बघायचंच नव्हतं, म्हणून मी आवाजावर मेहनत घेतली. मागची सूं सूं काढली. हळू आवाज वर आणला, मोठा खाली आणला, सगळं एका पातळीवर केलं, जेणेकरून कुजबुजही नीट ऐकू यावी. आपण मोबाइलवर जे काही ऐकतो ते बहुतेक असंच सपाट केलेलं असतं. मला स्वतःला ते फार छान वाटलं.

पुढच्या रविवारी मी त्यांना चांगला स्पीकर लावून दिला. ते खुर्चीत मान थोडी तिरकी करून बसले, मशीनपाशी बसायचे तसे. गाणं सुरू झालं. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

"ही चालंना झालीय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आरं, आधी ती तिकडनं यायची." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. "आता पहिल्यापास्नंच हितं बसलीया. माज्या मांडीवर. भूत हाय का शेजारीण?"

मी मूळ फाइल लावली. सूं सूं, खरखर, सगळं. आणि त्या खरखरीच्या पार मागे, जेमतेम ऐकू येईल असा आवाज सुरू झाला. तो वाढत गेला. आप्पांचा चेहरा त्या आवाजाबरोबर हळूहळू वळत गेला.

माझ्या लक्षात आलं, मी काय केलं होतं ते. लांबचा आवाज म्हणजे हळू आवाज आणि त्याच्याभोवती खोलीचा सूक्ष्म गुंजारव. मी हळूचं मोठं केलं आणि गुंजारवाला कचरा समजून पुसलं. १९४९ ला एका मुलीनं कोपऱ्यापासून माइकपर्यंत टाकलेली पावलं व्हीएचएसच्या दुमडलेल्या कडेतून वाचली होती, सीडीच्या गणितातून वाचली होती. ती मी, तिचा चाहता, एका रविवारी पुसून मोकळा झालो होतो.

*

हे एवढं लागलं का, तर त्याच्या दोन महिने आधी ऑफिसात मी नेमकं हेच केलं होतं.

सेन्सर फार खोटे इशारे देतात अशी तक्रार होती. म्हणून मी सरासरीची खिडकी मोठी केली, बारीकसारीक उसळ्या कापल्या. आलेख सुंदर गुळगुळीत झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. आठवड्याभरात नाइट शिफ्टला एका ब्लोअरच्या मोटरचं बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटून उडाला. शेजारी उभा असलेला पोरगा चहाला गेला होता म्हणून वाचला. नंतर मूळ नोंदी काढून पाहिल्या. तीन दिवस आधीपासून त्यात बारीक ठोके दिसत होते, अगदी हळू, अधूनमधून. बिघडायला लागलेलं बेअरिंग तसंच बोलतं, आधी लांबून. माझ्या सरासरीनं ते गिळून टाकले होते. चूक कारखान्याची नव्हती, माझी होती. हे मी आप्पांना सांगितलं नव्हतं. त्या रविवारी सांगितलं.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर लावला की पैलं सगळं कचराच ऐकू येतंय. त्यो कचरा काडून टाकायचा नसतोय. त्यात बसून ऱ्हायाचं असतंय."

*

आपल्याकडे सिनेमा जपण्याचा इतिहास हा बराचसा जळण्याचा इतिहास आहे. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमे नायट्रेट फिल्मवर निघायचे. ती इतकी ज्वालाग्राही की पाण्याखालीही जळत राहते. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० ला 'सैरंध्री' केला, तो आज कुणालाच पाहता येत नाही. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला स्टुडिओ जळाला, त्यात 'मीठभाकर' गेला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात जन्मली, १९३३ ला पुण्याला गेली. तिच्या जुन्या आवारात, एफटीआयआयमध्ये, जानेवारी २००३ ला नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसह कितीतरी सिनेमांची रिळं खाक झाली.

जळणं निदान दिसतं. धूर येतो, बातमी होते. सुधारण्याच्या नावाखाली पुसणं दिसत नाही. माझी स्वच्छ केलेली प्रत मी यूट्यूबवर टाकली असती तर खाली 'वा, काय क्लिअर आहे' अशा कमेंट आल्या असत्या. पुढच्या कुणीतरी तीच उतरवून घेतली असती. आणखी दहा वर्षांनी सगळीकडे तीच उरली असती. कामिनी मांडीवर बसलेली, आणि ती कधी चालत आली होती हे कुणाला माहीतही नसतं. घरोघरी धूळ खात पडलेल्या सीड्या आणि कॅसेटी म्हणूनच लगेच भंगारात घालू नयेत, असं मला आता वाटतं. त्या खराब आहेत, पण त्यांचा खराबपणा प्रामाणिक आहे. काय गेलं ते त्यावर उघड दिसतं. तुमच्या घरी असं एखादं पाकीट असेल तर निदान तिची जशी आहे तशी एक कॉपी करून ठेवा. सुधारणा नंतर कधीही करता येते, मूळ परत आणता येत नाही.

ऑफिसात आता मी मूळ नोंदी पुसत नाही. गुळगुळीत आलेख वरिष्ठांसाठी आहेच, पण त्याच्या खाली कच्चा सिग्नल तसाच साठवून ठेवतो आणि इशारा त्यावरून काढतो. खोटे इशारे वाढले. दोनदा माझ्यावर ओरडाही झाला. एकदा मात्र इशारा खरा निघाला.

घरी कपाटात तीन सीड्या पुन्हा पाकिटात गेल्या, दुसरीवरच्या ओरखड्यासकट. माझी सुधारलेली फाइल मी पुसली. मूळची ठेवली. आप्पा कधीतरी रात्री झोप येईना म्हणून हाक मारतात. मी ती लावतो आणि दिवा बंद करतो. त्यांना दिव्याचा फरक पडत नाही असं मला आधी वाटायचं. पण उजेड-अंधार त्यांना कळतो. आणि हा सिनेमा अंधारात ऐकायचा असतो, असं त्यांचं म्हणणं आहे.